पिसे की पिसवा? : मांजराच्या चाटण्याचा अर्थशोध

मराठीत ‘पिसे’ म्हणजे वेड आणि ‘पिसू’ म्हणजे रक्त पिणारा, उड्या मारणारा कीटक. दोन शब्द उच्चाराने शेजारी राहतात. त्यांचे मूळ एकच असल्याचा आमचा दावा नाही. परंतु पशुवैद्यकाच्या इतिहासातील एक प्रश्न या दोन शब्दांत नेमका मावतो. घरातले मांजर तासन्‌तास स्वतःचे अंग चाटत बसते. पोटावरचे, मांड्यांच्या आतल्या बाजूचे, कधी पाठीच्या शेपटीकडील भागाचे केस विरळ होत जातात आणि एके दिवशी उघडी कातडी दिसू लागते. कातडी कधी स्वच्छ, गुलाबी असते, तर कधी लालसर, पुरळ उठलेली आणि खपल्या धरलेली. असे मांजर समोर आले की वैद्याने काय विचारावे? याला पिसे लागले आहे, की पिसवा लागल्या आहेत?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पशुवैद्यकाने या प्रश्नाला एकामागून एक अशी दोन उत्तरे दिली आणि दोन्ही बव्हंशी चुकीची ठरली. पहिले उत्तर होते, दोष मांजराच्या अंतःस्रावांत आहे. दुसरे होते, दोष त्याच्या मनात आहे. ही उत्तरे देणारी माणसे अडाणी नव्हती, बेफिकीरही नव्हती. मग ती चुकली कशी, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. साहित्याच्या अध्यापकांनी मांजराच्या कातडीत कशाला लक्ष घालावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्यावर आमचे म्हणणे असे की, लक्षणावरून कारणाकडे जाणे हाच आपलाही व्यवसाय आहे. कवितेतल्या एखाद्या विसंगतीवरून आपण कवीच्या मनात शिरतो आणि पुष्कळदा त्या ओळीचा पाठ तपासण्याआधीच शिरतो. मांजराचा इतिहास या घाईबद्दल काही सांगू पाहतो.

१

प्रथम निरोगी चाटणे म्हणजे काय, ते पाहू. मांजराची जीभ खरखरीत असते हे ज्याने मांजर पाळले त्याला ठाऊक असते. जिभेवर आत वळलेले केराटिनचे काटे असतात. हे काटे साधे टोकदार सुळके असावेत, असा दीर्घकाळ समज होता. २०१८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील अ‍ॅलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी घरगुती मांजरापासून वाघ-सिंहांपर्यंत सहा जातींच्या जिभा तपासल्या. काट्यांची टोके पोकळ, पळीसारखी असतात आणि ती लाळ ओढून घेऊन केसांच्या तळाशी, थेट कातडीपर्यंत पोहोचवतात, असे त्यांना आढळले. म्हणजे ही जीभ एकाच वेळी फणी आहे आणि ओले फडकेही आहे. तिने केस विंचरले जातात, मळ निघतो, लाळेच्या बाष्पीभवनाने अंग थंड होते आणि अंगावरचे कीटक वेचले जातात.

यातले शेवटचे काम आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत रॉबर्ट एकस्टाइन आणि बेंजामिन हार्ट यांनी २००० मध्ये मांजरांच्या चाटण्यावर दोन निबंध प्रसिद्ध केले. निरोगी मांजर झोपेव्यतिरिक्तच्या वेळापैकी सुमारे ८ टक्के वेळ अंग चाटण्यात घालवते, असे त्यांना दिसले. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी पिसवांनी भरलेल्या एका घरातील काही मांजरांच्या गळ्यात शंकूसारखी रुंद पट्टी बांधली. या पट्टीमुळे तोंड अंगापर्यंत पोहोचत नाही. इतर मांजरांना मोकळे ठेवले. तीन आठवड्यांनी मोजदाद केली तेव्हा पट्टी बांधलेल्या मांजरांच्या अंगावर मोकळ्या मांजरांच्या सुमारे दुप्पट पिसवा होत्या.

निष्कर्ष साधा वाटतो, पण त्याच्या पोटात या साऱ्या इतिहासाची किल्ली आहे. मांजर पिसवा चाटून गिळते. ज्या मांजराला पिसवांचा त्रास अधिक, ते अधिक चाटते. आणि जे अधिक चाटते, त्याच्या अंगावर पिसवा कमी सापडतात. रोगीच पुरावा खाऊन टाकतो. शिवाय मांजर हा संकोची प्राणी आहे; पुष्कळ मांजरे पलंगाखाली, माळ्यावर, घरची माणसे झोपल्यावर चाटतात. त्यामुळे मालक वैद्याला प्रामाणिकपणे सांगतो की, ‘हे फारसे चाटत नाही, केस आपोआप गळतात’. आणि वैद्य अंगावर हात फिरवून तितक्याच प्रामाणिकपणे म्हणतो की, ‘पिसवा नाहीत’.

आपल्याकडच्या मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानले. वस्तू दिसत नाही, यावरून ती नाही हे ज्ञान होते. पण त्यांनी त्याला एक अट घातली. ती वस्तू तेथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. तरच ती योग्य अनुपलब्धी. उजेडात टेबलावर घागर दिसली नाही तर ती नाही. अंधारात दिसली नाही तर काहीच सिद्ध होत नाही. सतत चाटणाऱ्या मांजराच्या अंगावर पिसू न दिसणे ही अंधारातली घागर आहे. पशुवैद्यकाला ही अट उमगायला बराच काळ लागला.

२

त्याचे एक कारण असे की, मांजर रोगी म्हणून वैद्यकात फार उशिरा आले. जगातले पहिले पशुवैद्यकीय विद्यालय १७६१ मध्ये फ्रान्समधील ल्योन येथे स्थापन झाले. तेथील मुख्य विषय होते घोडे आणि गुरे. मुंबईच्या परळ भागात १८८६ मध्ये सुरू झालेले बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेजही ट्रामचे घोडे, गाडीचे बैल आणि लष्करी जनावरे यांच्या काळातले. ज्या प्राण्याची किंमत बाजारात ठरते, त्याच्या आजाराला आधी शास्त्र मिळते. मांजराला बाजारभाव नव्हता.

पिसूला मात्र याच काळात अकस्मात प्रतिष्ठा लाभली. मांजराच्या पिसूचे शास्त्रीय वर्णन जर्मन निरीक्षक बूशे यांनी १८३५ मध्येच करून ठेवले होते. पण पिसू हा गंभीर विषय झाला तो प्लेगमुळे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरापासून उंदराकडे हा रोग पिसवा नेतात, हे प्रयोगाने दाखवले. मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी हाच धागा पुढे नेला आणि १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्लेग, उंदीर व पिसवा यांच्या संबंधावर निबंध लिहिला. भारतीय वैद्यक सेवेतील अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी तर १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधून मांजरांचाच प्लेगनिवारक म्हणून पुरस्कार केला. येथे मांजर शास्त्रात आले खरे, पण उंदीर मारणारे साधन म्हणून. त्याच्या स्वतःच्या अंगावरची पिसू त्याला काय करते, हा कोणाचाच प्रश्न नव्हता.

तो प्रश्न सुचण्यासाठी आणखी एक कल्पना जन्मावी लागली. १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द घडवला. शरीराला एखाद्या पदार्थाची आधी ओळख झाली की पुढच्या भेटीत ते बदललेल्या रीतीने वागते, हा त्यातला विचार. १९३८ मध्ये किसिलेफ यांनी अमेरिकेत दाखवून दिले की, कुत्र्यांना उन्हाळ्यात होणाऱ्या ज्या कातडीच्या रोगाला सगळे इसब म्हणत, त्यामागे पिसू आहे. १९६०च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को येथे बेंजामिनी, फाइनगोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगवर प्रयोग करून पिसूच्या चाव्याला कातडी टप्प्याटप्प्याने कसा प्रतिसाद देते, ते मांडले. महत्त्वाची गोष्ट ही की, अ‍ॅलर्जी झालेल्या जनावराला शेकडो पिसवा लागत नाहीत. थोडे चावेही पुरेसे होतात. म्हणजे जी पिसू सापडत नाही तीच पुरेशी असते. हे ज्ञान १९७०च्या आधीच उपलब्ध होते. तरीही मांजराच्या बाबतीत वैद्यक दुसरीकडे वळले.

३

मांजरांसाठी स्वतंत्र संस्था निघू लागल्या त्या १९७०च्या दशकात. अमेरिकेतील मांजर-चिकित्सकांची संघटना १९७१ मध्ये आणि कॉर्नेल विद्यापीठाचे मांजर-आरोग्य केंद्र १९७४ मध्ये स्थापन झाले. कॉर्नेलच्याच डॅनी स्कॉट यांनी १९०० ते १९७८ या काळातील मांजरांच्या त्वचारोगांचे सारे वाङ्मय धुंडाळून १९८० मध्ये एक दीर्घ प्रबंध लिहिला. त्या काळातील निदानांत एक भारदस्त नाव वारंवार भेटते : ‘फिलाइन एन्डोक्राइन अ‍ॅलोपेशिया’, म्हणजे मांजराची अंतःस्रावजन्य केशगळती.

या निदानामागचा तर्क असा होता. केस दोन्ही बाजूंनी सारखे, समप्रमाणात जातात. कातडी बहुधा निरोगी दिसते. पिसवा सापडत नाहीत. आणि असे मांजर बहुधा खच्ची केलेले असते. कुत्र्यांत आणि माणसांत समप्रमाण केशगळती अंतःस्रावांच्या बिघाडाने होते, हे ठाऊक होते. खच्चीकरणाने लैंगिक अंतःस्राव कमी होतात, हेही ठाऊक होते. दोन्ही जोडली की साखळी पूर्ण झाली. मग अशा मांजरांना लैंगिक हॉर्मोने आणि मेजेस्ट्रॉल अ‍ॅसिटेट हे प्रोजेस्टेरॉनसारखे औषध दिले जाऊ लागले. आणि पुष्कळ मांजरांना गुण आला! केस परत उगवले. निदानाला यापेक्षा मोठा आधार कोणता हवा?

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, हा काकतालीय न्याय आपल्याला परिचित आहे. येथे गोष्ट त्याहून फसवी होती, कारण फांदी खरोखरच कावळ्यामुळे तुटली होती, फक्त समजले गेले त्या कारणाने नव्हे. मेजेस्ट्रॉल अ‍ॅसिटेटचा एक परिणाम स्टेरॉइडसारखा असतो. ते दाह कमी करते आणि खाज शमवते. खाज शमली की मांजर चाटणे थांबवते. चाटणे थांबले की केस येतात. औषधाने हॉर्मोनची उणीव भरून काढली नव्हती, खाज दाबली होती. पाळीव मांजरे खच्ची केलेली असत, कारण बहुतेक पाळीव मांजरे तशीच असत. त्यात रोगाचा संबंध नव्हता.

हा भ्रम मोडला तो अगदी साध्या साधनाने. विरळ भागाच्या कडेचे काही केस चिमट्याने उपटायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. केस आपोआप गळत असेल तर त्याचे टोक निमुळते, नैसर्गिक असते. मांजराने चाटून, कुरतडून तोडला असेल तर टोक दोरीच्या उसवलेल्या शेवटासारखे तुटलेले दिसते. गळ्यात रुंद पट्टी बांधली की काही आठवड्यांत केस पुन्हा दिसू लागतात, हाही तितकाच साधा पुरावा. बहुसंख्य मांजरांत केस गळत नव्हतेच. ती ते स्वतः काढत होती. हळूहळू जुने नाव मागे पडले आणि ‘समप्रमाण केशहानी’ असे केवळ वर्णन करणारे, कारणाचा दावा न करणारे नाव रूढ झाले.

या चुकीची किंमत मात्र मांजरांनी मोजली. मेजेस्ट्रॉल अ‍ॅसिटेटने काही मांजरांना मधुमेह जडतो, काहींच्या स्तनांत गाठी होतात, अधिवृक्क ग्रंथी मंदावतात. पोटावरचे केस नाहीसे होणे हा तसा जिवावरचा आजार नव्हे. त्यावरचा उपचार मात्र जिवावर बेतू शकत होता.

४

मांजर केस स्वतः काढते हे कळले, तेव्हा पुढचा प्रश्न उभा राहिला : का काढते? आणि येथे वैद्यकाने पिसवांकडे न जाता पिशाकडे उडी घेतली. पिसवा दिसत नाहीत, कातडी स्वच्छ आहे, हॉर्मोने ठीक आहेत. तेव्हा हे मनाचे दुखणे. ‘सायकोजेनिक अ‍ॅलोपेशिया’, म्हणजे मनोजन्य केशहानी, हे नाव जुनेच होते. आता ते फार सहजपणे वापरले जाऊ लागले.

या उडीमागे त्या काळाची एक मोठी वैचारिक हवा होती. १९५० मध्ये फ्रान्झ अलेक्झांडर या मनोविश्लेषकाचे मनोकायिक वैद्यकावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. जठराचे व्रण, दमा, उच्च रक्तदाब, संधिवात यांच्या जोडीला कातडीचा एक जुनाट, खाजरा विकारही त्यांनी मनातील दडपलेल्या संघर्षांशी जोडला होता. कातडी हा मनाचा पडदा आहे, ही कल्पना सुशिक्षितांत मुरली. मराठी समीक्षेतही फ्रॉइडचा प्रभाव याच दशकांत पसरत होता, याची आठवण येथे करून देणे अप्रस्तुत ठरू नये. जठराच्या व्रणाचे पुढे काय झाले, हे सर्वज्ञात आहे. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी त्यामागे एक जीवाणू आहे हे दाखवले आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

मांजराच्या बाबतीत मनोजन्यतेचे निदान आणखी एका कारणाने सोयीचे होते. ते खोडून काढणे अशक्यप्राय होते. घर बदलले का? नवे मूल आले का? दुसरे मांजर आणले का? मालक कामावर जास्त वेळ असतो का? असे काहीतरी प्रत्येक घरात घडलेले असतेच. सयामीसारख्या जातींची हळवी, चंचल म्हणून ख्याती होतीच. मग मांजराला माणसांसाठी बनवलेली नैराश्यावरची औषधे दिली जात. १९९९ मध्ये अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात अशा ११ मांजरांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. काही मांजरांना गुण येई. पण पुन्हा तोच काकतालीय न्याय : यांपैकी अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी औषधे हिस्टामिनलाही जोरदार रोखतात, म्हणजे खाजही कमी करू शकतात. औषधाचे नाव मनाचे, काम कदाचित कातडीचे. गुण आला म्हणजे निदान खरे ठरले असे नव्हे, हा धडा एका पिढीत दुसऱ्यांदा गिरवावा लागला.

या निदानाची हानी हॉर्मोनांच्या हानीहून वेगळी होती. मांजराची खाज तशीच राही आणि त्याला ‘वेडे’ ठरवले जाई. मालकाच्या मनात अपराधी भाव घर करी की, आपण प्रेम द्यायला कमी पडलो. बोलता न येणाऱ्या जिवाच्या वेदनेला आपल्या घरच्या कथानकात बसवून टाकले की मग ती वेदना शोधायची गरज उरत नाही. स्त्रियांच्या कित्येक दुखण्यांना ‘हिस्टेरिया’ म्हणून वाटेला लावणारे वैद्यक याहून फार वेगळे वागले नव्हते.

५

२००६ मध्ये कॅनडातील स्टीफन वाइसग्लास, गॅरी लँड्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी एक लहानसा, पण निर्णायक अभ्यास प्रसिद्ध केला. मनोजन्य केशहानीचे संभाव्य निदान झालेली २१ मांजरे त्यांनी घेतली आणि प्रत्येकाची एकच ठरावीक तपासणी क्रमाने, कसोशीने केली. २१ पैकी १६ मांजरांत केवळ शारीरिक कारण निघाले. ३ मांजरांत शारीरिक आणि मानसिक अशी दोन्ही कारणे होती. केवळ मानसिक कारण असलेली मांजरे निघाली २. अन्नाची प्रतिकूल प्रतिक्रिया एकट्या १२ मांजरांत सिद्ध झाली. ज्या मांजरांच्या कातडीच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली दाह दिसला, त्या प्रत्येकात शारीरिक कारण सापडले.

संख्या लहान आहे आणि ही मांजरे तज्ज्ञांकडे पाठवलेली होती, हे ध्यानात ठेवायला हवे. तरीही आकड्यांचा कल पुढील कामाशी जुळतो. २०११ मध्ये खाज असलेल्या ५०२ मांजरांचा अनेक देशांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पिसूच्या चाव्याची अ‍ॅलर्जी २९ टक्के मांजरांत आढळली आणि ओळखता आलेल्या अ‍ॅलर्जींमध्ये तीच सर्वांत मोठी होती.

या अभ्यासांतून जी पद्धत स्थिरावली तिचा क्रम मुद्दाम नोंदवतो. आधी हे ठरवायचे की केस गळतात की काढले जातात. त्यासाठी केसाचे टोक पाहायचे. मग पिसू. दातेरी फणीने अंग विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवायचे. ते तांबूस विरघळले तर ती माती नव्हे, पिसूची विष्ठा, म्हणजे मांजराचेच पचलेले रक्त. पण काहीच सापडले नाही तरी पिसू नाही असे मानायचे नाही. घरातल्या सगळ्या प्राण्यांवर काही आठवडे पिसूनाशक औषध नियमाने वापरून पाहायचे. हे शक्य झाले ते १९९०च्या दशकाच्या मध्यास आलेल्या फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड या, मानेवर थेंब टाकण्याच्या औषधांमुळे. मांजरासाठीचेच औषध वापरायचे. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांतले परमेथ्रिन मांजराला जीवघेणे ठरते. पिसवांची अंडी, अळ्या, कोश मांजरावर नसतात, ते अंथरुणात आणि फटींत असतात. म्हणून घरही झाडायचे. त्यानंतर खरजेचे माइट्स आणि गजकर्णाची बुरशी. मग अन्न : मांजराने पूर्वी कधीही न खाल्लेल्या प्रथिनावर किंवा त्यासाठी खास बनवलेल्या आहारावर त्याला सुमारे ८ आठवडे ठेवायचे आणि सुधारणा दिसल्यास जुने अन्न पुन्हा देऊन खाज परतते का, हे पडताळायचे. हे परत देणे टाळले तर पुन्हा तोच जुना न्याय. पोटाचाच भाग चाटला जात असेल तर आत, मूत्राशयात, दुखते आहे का, हेही पाहायचे. आणि हे सगळे संपल्यावर, सर्वांत शेवटी, मन.

मन शेवटी, याचा अर्थ मन नाही असा नव्हे. याच काळात ओहायो राज्य विद्यापीठातील टोनी बफिंग्टन यांनी मांजरांच्या मूत्राशयाच्या एका दुखऱ्या विकारात ताणाचा वाटा किती मोठा आहे आणि घरातली परिस्थिती सुधारल्याने तो कसा ओसरतो, हे दाखवले. ताणाने खाज वाढते, खाजेने ताण वाढतो. २१ मांजरांपैकी ती २ मांजरे आणि दुहेरी कारणांची ती ३ मांजरे खरीच होती. प्रश्न मनाला मानण्याचा नाही, मनाकडे कधी वळावे याचा आहे. मनाचे स्पष्टीकरण हे इतर स्पष्टीकरणे संपल्यावर कमवायचे असते. इतर स्पष्टीकरणे शोधण्याचा कंटाळा आला म्हणून ते हाती येत नाही.

६

पिसू नाही, माइट नाही, अन्न नाही, आणि तरीही खाज आहे आणि ती शारीरिकच आहे, अशी मांजरेही पुष्कळ. त्यांना काय म्हणावे? येथे भाषेच्या अभ्यासकांना आवडावी अशी एक कथा आहे. १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या आर्थर कोका आणि रॉबर्ट कुक यांना वंशपरंपरेने येणाऱ्या, कारण न सापडणाऱ्या अतिसंवेदनशीलतेसाठी शब्द हवा होता. त्यांनी तो कोलंबिया विद्यापीठातील ग्रीकचे प्राध्यापक एडवर्ड पेरी यांच्याकडे मागितला. पेरींनी दिला ‘अ‍ॅटोपी’. ग्रीक ‘अटोपॉस’ म्हणजे जागेवर नसलेले, अस्थानी, विचित्र. म्हणजे वैद्यकाने आपले अज्ञान एका भाषा-प्राध्यापकाकडून प्रामाणिक नावाने बांधून घेतले : ज्याची जागा आम्हांला सापडली नाही, ते.

पुढे १९६६ मध्ये इशिझाका दांपत्याने या अतिसंवेदनशीलतेमागचे प्रतिपिंड शोधले आणि माणसाच्या अ‍ॅटोपीला जागा मिळाली. मांजरांत मात्र त्या प्रतिपिंडाची भूमिका तितकी निश्चित झालेली नाही. म्हणून २०२१ मध्ये प्राण्यांच्या अ‍ॅलर्जीविषयक आंतरराष्ट्रीय समितीने मांजरांसाठी वेगळे, सावध नाव सुचवले : ‘फिलाइन अ‍ॅटोपिक स्किन सिंड्रोम’. माणसाच्या आणि कुत्र्याच्या रोगाचे नाव जसेच्या तसे लावणे त्यांनी टाळले. हॉर्मोनांच्या काळात कुत्र्याचा आणि मनाच्या काळात माणसाचा रोग मांजराच्या अंगावर घातला गेला होता. पन्नास वर्षांनी मांजराला त्याच्याच मापाचे नाव मिळाले.

आता आमच्या व्यवसायाकडे. मराठीत ‘चिकित्सा’ हा शब्द वैद्य वापरतो आणि ग्रंथसंपादकही. आपण रोगचिकित्सा म्हणतो तशी पाठचिकित्सा म्हणतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेले आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य हे पाठचिकित्सेचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण. विष्णु सीताराम सुखटणकरांच्या संपादनाखाली जी रीत तेथे घडली, तिचा कणा क्रमच होता. श्लोक खटकला तर आधी हस्तलिखिते, मग लिपीतले घोटाळे, मग प्रक्षेप. आणि हे सर्व तपासून झाल्यावर कवीचा हेतू. लेखनिकाने ‘ध’चा ‘घ’ केला असेल तर त्यात कवीचे अबोध मन शोधण्यात अर्थ नसतो.

वर्गात मात्र आपण पुष्कळदा उलट क्रमाने शिकवतो. कवितेतला खंड दिसला की कवीचे एकाकीपण. कादंबरीत एखादा प्रसंग विसंगत वाटला की लेखकाचे बालपण. छपाईची चूक, नियतकालिकाच्या जागेची मर्यादा, संपादकाची कात्री, आवृत्त्यांमधले फरक ही आपली पिसू आहे : लहान, नीरस, आणि शोधू लागले की बहुधा आधीच गिळली गेलेली. मनाचे स्पष्टीकरण तिच्यापेक्षा कितीतरी देखणे असते. म्हणूनच ते आधी सुचते, आणि म्हणूनच ते शेवटी ठेवायचे असते. लेखकाला निदान प्रस्तावना लिहून आपले म्हणणे मांडता येते. पलंगाखाली चाटत बसलेल्या मांजराला ती सोय नाही. त्याची बाजू तुटलेल्या केसाच्या टोकावरच वाचावी लागते.